राखण आणि शस्त्र : बीड जिल्ह्यातील पहाऱ्याच्या प्रश्नाचा पूर्वेतिहास

मराठी शाळेत घंटा वाजविणारा, सूचनावही वर्गावर्गांतून फिरविणारा आणि सायंकाळी दारांना कुलपे घालणारा जो मनुष्य असतो त्यास 'शिपाई' म्हणतात. हा शब्द फारसी 'सिपाही' या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ सैनिक असा आहे. शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रांत शिपाई म्हणजे हत्यारबंद मनुष्यच होय. पुढे कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, आणि शब्द तोच राहून त्याच्या कमरेची तलवार तेवढी गळून पडली. 'शिपाईगिरी' हा शब्द अद्याप पराक्रमाचा वाचक आहे. शाळेतील 'शिपाईकाम' मात्र पाणी भरण्यापासून सुरू होते. अर्थसंकोचाची उदाहरणे भाषेत पुष्कळ आढळतात; परंतु एका संपूर्ण वर्गाचे निःशस्त्रीकरण एकाच शब्दाच्या इतिहासात इतके स्वच्छ उमटलेले क्वचितच दिसते.

शाळेच्या दारावरील मनुष्याच्या हाती रायफल असावी काय, हा जो वाद गेल्या काही वर्षांत जगात ठिकठिकाणी झाला, तो या दृष्टीने पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप जरा निराळे दिसू लागते. भाषेने शिपायाच्या हातून काढून घेतलेले हत्यार त्यास परत द्यावे, अशीच ती मागणी आहे. अमेरिकेत १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हुक येथील शाळेत वीस बालके व सहा प्रौढ मारले गेले. त्यानंतर एका आठवड्यातच तेथील राष्ट्रीय रायफल संघटनेने प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक नेमावा अशी जाहीर मागणी केली. पेशावरच्या सैनिकी शाळेवर १६ डिसेंबर २०१४ रोजी झालेल्या हल्ल्यात १३० हून अधिक विद्यार्थी बळी पडले. पुढच्याच महिन्यात खैबर पख्तुनख्वा प्रांताने शिक्षकांनाच शस्त्र बाळगण्याची मुभा दिली. भारताच्या गृह मंत्रालयानेही त्या सुमारास शाळांच्या कुंपणभिंती, दारे आणि पहारेकरी यांविषयी राज्यांना सूचना पाठविल्या. या वादांत दोन्ही पक्षांकडे पुरावा आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. चारसद्दा येथील बाचा खान विद्यापीठावर जानेवारी २०१६ मध्ये हल्ला झाला, तेव्हा रसायनशास्त्राच्या एका अध्यापकाने स्वतःच्या पिस्तुलाने हल्लेखोरांना काही काळ थोपवून धरले. त्या अवधीत विद्यार्थी निसटू शकले. अध्यापक स्वतः वाचले नाहीत. याच्या उलट, फ्लोरिडातील पार्कलंड येथे २०१८ मध्ये शाळेचा सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेरच थांबला आणि सतरा माणसे मेली. टेक्सासमधील युवाल्डी येथे २०२२ मध्ये ३७६ सशस्त्र अधिकारी गोळा झाले, पण वर्गात शिरण्यास त्यांना ७७ मिनिटे लागली. शस्त्र जवळ असणे आणि ते योग्य वेळी, योग्य माणसासाठी उचलले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे या उदाहरणांवरून निश्चित होते.

तथापि या प्रश्नाचा विचार परदेशी उदाहरणांवरच करण्याचे कारण नाही. शस्त्रधारी राखणदार ठेवावा काय, कोणी ठेवावा आणि त्याने कोणाचे ऐकावे, हे प्रश्न मराठवाड्याने, विशेषतः बीड जिल्ह्याने, दीड-दोनशे वर्षे प्रत्यक्ष अनुभवले आहेत. तेथे तिजोरीला, गढीला, खळ्याला आणि गावाच्या वेशीला निरनिराळ्या काळी निरनिराळे हत्यारबंद लोक मिळाले. त्या अनुभवाची नोंद कागदांत आहे, त्याहून अधिक बोलीत आहे. ती नोंद वाचली म्हणजे असे दिसते की, तंटा शस्त्राच्या जातीविषयी कधीच फारसा नव्हता. राखणदार कोणाच्या भाकरीवर आहे, हाच प्रत्येक वेळी खरा मुद्दा ठरला.

प्रथम गावची राखण पाहू. बलुतेपद्धतीच्या गावगाड्यात राखणीची कामे वाटून दिलेली असत. वेस उघडण्याचे व लावण्याचे काम वेसकराचे. रात्रीची गस्त जागल्याची. पिकांची राखण राखणदाराची. वेसकर हा महार समाजातील असे. त्याच्या हाती काठी असे, आणि त्या काठीला अधिकार होता तो गावाचा. सरकारी टपाल, खजिना, परगावचा पाहुणा, चोराचा माग, शिवेचा तंटा या सर्वांत त्याची साक्ष घेतली जाई. शिवेच्या वादात तर त्याचा शब्द निर्णायक मानीत. त्याला वेतन रोख मिळत नसे. वतनाची जमीन आणि घरोघरचे बलुते हेच त्याचे उत्पन्न. यामुळे तो एका धन्याचा चाकर नव्हता, साऱ्या गावाचा होता, असे गावगाड्याचे वर्णन करणारे मोठ्या कौतुकाने सांगतात. ते सांगताना दुसरी बाजू विसरली जाते. ज्याने वेशीचे दार राखावे तो स्वतः वेशीबाहेर राहत असे. साऱ्या गावाचा चाकर याचा व्यवहारातील अर्थ, ज्याला कोणीही केव्हाही राबवावे असा मनुष्य, असाच होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते याच कारणासाठी. निःशस्त्र राखणीची परंपरा गौरवताना त्या राखणीचे मोल कोणी दिले, हे नजरेआड करून चालणार नाही.

वेसकराच्या काठीपलीकडे हत्यारबंद राखणीचीही एक देशी पद्धत होती. 'शेतसनदी' हा शब्द तिची साक्ष देतो. शेताची सनद घेऊन त्या बदली शिपाईगिरी करणारा तो शेतसनदी. एरवी त्याने नांगर धरावा, प्रसंगी ढाल-तलवार. येथे 'हत्यार' या मराठी शब्दाकडे लक्ष वेधणे अस्थानी होणार नाही. सुताराचे किकरे-वाकस हेही हत्यार आणि तलवार हेही हत्यार. मोल्सवर्थच्या कोशाने हे दोन्ही अर्थ नोंदविले आहेत. शेतसनदीच्या घरात हे दोन्ही अर्थ एकाच खुंटीला टांगलेले असत. त्याचे शस्त्र जमिनीशी बांधलेले होते, आणि जमीन गावात होती. शस्त्र घेऊन दुसऱ्या धन्याकडे जाणे त्यास सोपे नव्हते.

निजामाच्या राज्यात हा बांध फुटला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दक्षिणेतील दरबारांनी अरब शिपाई चाकरीस ठेवण्यास आरंभ केला होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर मराठी मुलखातील मोकळ्या झालेल्या शिबंदीपैकी पुष्कळांनी हैदराबादची वाट धरली. हद्रमौताकडून नवे लोक येतच होते. उत्तरेकडून आलेले रोहिले त्यांत मिसळले. त्यांचे नायक 'जमादार' म्हणवीत. आज हा शब्द ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे फार मोठा मनुष्य उभा राहत नाही. त्या काळी मात्र हैदराबादचे अरब जमादार दरबारातील मातबर सरदार होते, इतके की सरकार त्यांचे कर्जदार होते आणि कर्जाच्या तारणात तालुक्यांचा वसूल त्यांच्याकडे लावून दिला जात असे. मराठवाड्यातील 'चाऊस' हे आडनाव याच इतिहासाची खूण आहे. शब्द मूळ तुर्की, लष्करी हुद्द्याचा. तो अरबांच्या वस्तीला लागला आणि पुढे आडनाव होऊन मराठी बोलणाऱ्या घरांत स्थिरावला. 'जंबिया' हा शब्दही त्यांच्याच कमरेवरून मराठीत उतरला.

या लोकांना राजधानीबाहेर चाकरी देणारे कोण होते, हे पाहणे येथे महत्त्वाचे आहे. देशमुख-देशपांड्यांच्या गढ्या, सावकारांच्या पेढ्या आणि मक्त्याने वसूल घेणारे तालुकदार ही त्यांची गिऱ्हाइके. सावकाराला तिजोरीची राखण हवी होती, आणि राज्याचे पोलीस असे काही तोवर नव्हते. तेव्हा सावकाराने अरब किंवा रोहिला ठेवला यात अस्वाभाविक काही नाही. परंतु रात्री तिजोरीपाशी बसणारा तोच मनुष्य दिवसा कुळाच्या दारात तगाद्यास बसू लागला. देणे फिटेपर्यंत ऋणको घराबाहेर पडू नये, प्रसंगी त्यास धनकोच्या वाड्यात अडकवून ठेवावे, असे प्रकार हैदराबाद राज्यात घडत आणि न्यायाधीशापेक्षा जमादाराचा हुकूम अधिक चाले. राखण आणि वसुली या दोन क्रिया एकाच बंदुकीच्या दोन टोकांस येऊन बसल्या. सावकाराच्या दृष्टीने तो रक्षक होता. कुळाच्या दृष्टीने तोच संकट होते. एकाच माणसाविषयी ही दोन्ही वर्णने एकाच वेळी खरी असू शकतात, हे सशस्त्र पहाऱ्याचे वैशिष्ट्य त्या काळात प्रथम उघडपणे दिसून आले. ते रोहिल्यापाशी संपले असे मानण्यास आधार नाही.

बीडच्या भूगोलाने ही स्थिती अधिक बिकट केली. जिल्ह्याच्या पश्चिम कडेस आष्टीच्या बाजूला सीना नदी आहे. ती ओलांडली की नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने इंग्रजी हद्दीतील गावे जवळजवळ निःशस्त्र झाली. निजामी हद्दीत गढीवाल्यांची शिबंदी मात्र पुष्कळ काळ टिकून राहिली. बालाघाटाचे डोंगर आणि दऱ्या या दोन राज्यांच्या मध्ये लपण्यास सोयीच्या होत्या. बंडाच्या आठवणीही या मुलखाला होत्या. १८१८ मध्ये धर्माजी प्रतापराव यांनी बीड भागात उठाव केला, आणि निजामाच्या रिसाल्यातील सदरलंड या इंग्रज अधिकाऱ्याने तो मोडला. अंबाजोगाई, तेव्हाचे मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी पडली, ती याच अस्वस्थ प्रदेशावर नजर ठेवण्याच्या सोयीसाठी.

सालारजंग (पहिला) हा १८५३ ते १८८३ पर्यंत निजामाचा दिवाण होता. त्याच्या कारभारातील ज्या सुधारणांचा गौरव होतो त्यांत महसुलाची चर्चा अधिक आढळते. हत्यारबंद लोकांविषयीचे त्याचे धोरण त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहे. त्याने अरबांवर स्वारी केली नाही. प्रथम त्यांच्याकडे गहाण पडलेले तालुके पैसे फेडून सोडविले. मग १८६५ च्या सुमारास जिलाबंदी करून पगारी अधिकारी नेमले आणि पोलीस खाते उभे केले. म्हणजे शस्त्र काढून घेण्यापूर्वी त्याने शस्त्राचा धनी बदलला. हे धोरण अपुरे होते, कारण गढ्यांतील खाजगी शिबंदीला त्याने पूर्णपणे हात घातला नाही. पण दिशा योग्य होती असेच म्हणावे लागते.

आता शाळांकडे वळू. या जिल्ह्यात शाळा आणि शस्त्र यांची गाठ प्रथम पडली ती रक्षणाच्या निमित्ताने नव्हे. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून १९३५ मध्ये अंबाजोगाईस आले आणि योगेश्वरी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. त्या काळी हैदराबाद संस्थानात सभा, आखाडे आणि खाजगी शाळा या तिन्हींवर परवानगीचे बंधन होते. ही तीन नावे एका ओळीत येतात, यातच राज्यकर्त्यांची दृष्टी कळते : शाळा म्हणजे बिनहत्यारी आखाडाच, असे त्यांस वाटत होते. एका परीने ते खरेही ठरले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह सुरू झाला, आणि स्वामीजींसारखे शिक्षक शाळा सोडून तुरुंगात गेले. छावणीच्या गावातील त्या शाळेला त्या वेळी दारावर सशस्त्र पहारेकरी कोणी दिला असता, तर तो सरकारनेच दिला असता. आणि त्याचे लक्ष बाहेरून येणाऱ्यापेक्षा आत शिकविणाऱ्यावर अधिक राहिले असते. शाळेच्या सशस्त्र रक्षणाचा विचार करणारे भय नेहमी कुंपणाबाहेर कल्पितात. भय कोठे आहे हे मात्र शस्त्र देणारा ठरवीत असतो.

यानंतर दहा वर्षांनी आलेला प्रसंग सर्वांत दारुण होय. 'रझाकार' या शब्दाचा अर्थ स्वेच्छेने सेवा करणारा, स्वयंसेवक, असा आहे. मराठवाड्यातील मराठीत तो शब्द आज शिवी म्हणून राहिला आहे. अर्थापकर्षाचे याहून ठळक उदाहरण त्या प्रदेशाच्या बोलीत सापडणे कठीण. डिसेंबर १९४६ मध्ये लातूरचे वकील कासिम रझवी इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष झाले आणि स्वयंसेवकांच्या या दलाला लष्करी वळण मिळाले. मुसलमान समाजाचे व संस्थानाचे रक्षण हे त्याचे घोषित कार्य होते. हाती भाले, तलवारी, ठासणीच्या बंदुका आणि काही ठिकाणी रायफली. पगार राज्याचा नाही, शिस्त फौजेची नाही, चौकशी कोणाची नाही. अशा दलाने संरक्षणाच्या नावाखाली गावे लुटली, माणसे मारली. त्याला तोंड देण्यासाठी सरहद्दीपलीकडे नगर-सोलापूरच्या बाजूस कृतिसमितीची शिबिरे उभी राहिली, आणि त्यांतही शस्त्रे आली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने संस्थान ताब्यात घेतले.

मराठवाड्याच्या मुक्तीचा इतिहास येथे थांबविण्याची प्रथा आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पुढले आठवडे अधिक बोलके आहेत. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या प्रमुखत्वाखाली १९४८ च्या अखेरीस जी समिती संस्थानात पाठविली, तिच्या अहवालात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पोळलेले म्हणून सांगितले आहेत. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या त्यांच्या खालोखालच्या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार माणसे मारली गेली असा समितीचा अंदाज होता. मृतांत बहुतेक मुसलमान होते. अहवालातील एक निरीक्षण असे की, मुसलमान वस्त्यांतून शस्त्रे काढून घेतली गेली, तर हिंदू वस्त्यांत ती पुष्कळ ठिकाणी तशीच राहू दिली. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. मराठीत त्याची चर्चा अद्यापही संकोचाने होते, आणि तो संकोच अभ्यासकांना शोभणारा नाही. एका बाजूच्या 'रक्षकां'नी केलेला अत्याचार आणि दुसऱ्या बाजूच्या 'रक्षकां'नी घेतलेला सूड यांमध्ये ज्यांचा बळी गेला ते बहुतांशी कोणाचेच सशस्त्र नव्हते. सामान्य विणकर, कुळे, दुकानदार होते.

स्वातंत्र्योत्तर काळात शिक्षणसंस्थांत रायफल आली ती निराळ्या वाटेने. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली आणि चीनशी झालेल्या युद्धानंतर काही वर्षे ती महाविद्यालयांत सक्तीची होती. या रायफलीची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती मोजलेली असे, कोतात कुलपाखाली असे, काडतुसागणिक हिशेब असे, आणि तिचा धनी शाळा नसून सैन्य होते. तिच्याविषयी समाजात कधी भीती निर्माण झाली नाही. शस्त्र शिक्षणाच्या आवारात आले म्हणजे अनर्थ होतोच, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे आहे.

आजच्या वादात एक घोटाळा भाषेमुळे होतो, तो येथे दूर करणे इष्ट. 'पहारेकऱ्यांना रायफली द्या' असे म्हटले जाते. प्रत्यक्षात बँकेच्या दारावरील निवृत्त सैनिकाच्या खांद्यावर असते ती बहुधा बारा बोअरची बंदूक. गोळीला फिरकी देणारे आटे नळीच्या आत कोरलेले असतील तरच ती रायफल. इंग्रजी शब्दाचा अर्थच तो आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने हा भेद पाळला आहे. संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांना कायदा एका पायरीवर ठेवतो. पॉइंट बावीसची रायफल त्याच पायरीवर येते, पण ती रायफल क्लबच्या सभासदाला, नेमबाजीच्या सरावापुरती. याहून वेगळे शस्त्र हवे असेल तर सबळ कारण दाखवावे लागते, आणि सैन्य-पोलिसांच्या जातीची शस्त्रे तर निषिद्ध वर्गातच मोडतात. पिकाची राखण आणि माणसाची राखण यांचा एका कलमात झालेला हा शेजार जुन्या गावगाड्याची आठवण करून देतो. पण 'परवाना' मात्र गावाचा नाही. तो जिल्हादंडाधिकाऱ्याचा आणि बहुतांशी व्यक्तीच्या नावाचा. शेतसनदीचे शस्त्र ज्या जमिनीने गावाशी बांधले होते, तसे काही बंधन या कागदात नाही.

या बंधनाच्या अभावाचे परिणाम बीड जिल्ह्यात २०२४-२५ मध्ये सर्वांपुढे आले. केज तालुक्यातील मस्साजोग येथे पवनऊर्जेच्या एका प्रकल्पावरील पहारेकऱ्यास ६ डिसेंबर २०२४ रोजी मारहाण झाल्याची तक्रार झाली. गावचे सरपंच संतोष देशमुख त्या वेळी मध्ये पडले. ९ डिसेंबरला त्यांचे अपहरण होऊन त्यांची निर्घृण हत्या झाली. खंडणीच्या मागणीशी या घटनेचा संबंध तपासयंत्रणेने जोडला. दोषी कोण हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. इतिहासाच्या अभ्यासकास येथे एवढेच नोंदवावयाचे की, प्रकरणाच्या मुळाशी एक राखणदार होता. त्याच्या पाठीशी जो उभा राहिला तो निःशस्त्र लोकनियुक्त सरपंच होता. त्याच महिन्यात जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची संख्या चर्चेस आली, तेव्हा ती बाराशेहून अधिक असल्याचे पुढे आले. शेजारच्या परभणीचा सांगितला गेलेला आकडा अवघा दोन अंकी होता. परवानाधारकांपैकी अनेकांवर गुन्हे नोंदलेले होते. हवेत गोळ्या झाडण्याची दृश्ये लोकांनी पाहिली, आणि प्रशासनाने पुढे शंभराहून अधिक परवाने रद्द केले. हवेत गोळीबार करणे हा २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र अपराध ठरला होता. म्हणजे कायदा अपुरा होता असेही म्हणता येत नाही. हे सर्व परवाने कागदोपत्री संरक्षणासाठीच होते. बाराशे शस्त्रांपैकी एकही त्या पहारेकऱ्याच्या कामी आले नाही.

यावर शाळांसाठी सशस्त्र पहारा मागणारे असे म्हणू शकतील की, यावरून सज्जनांच्या हाती शस्त्र नव्हते एवढेच सिद्ध होते. पहारेकऱ्यापाशी बंदूक असती तर त्यास मार खावा लागला नसता. या युक्तिवादाला हसून उडविणे बरोबर नाही. एकट्या माळावर रात्री उभ्या असलेल्या माणसाला बंदुकीचा आधार वाटतो, ही गोष्ट सुरक्षित खोलीत बसून नाकारता येत नाही. परंतु ज्या जिल्ह्यात शस्त्र आणि परवाना यांची वाटणी वजन व ओळखदेख यांवर झाल्याचा आरोप इतक्या जोराने झाला, तेथे नव्या बंदुका त्याच वाटेने जाणार नाहीत याची हमी कोणी द्यावी? शिक्षणसंस्था या मुलखात पुष्कळदा राजकीय घराण्यांच्या आश्रयाने चालतात. संस्थेच्या पगारावरील, संस्थाचालकाने निवडलेला बंदूकधारी हा शाळेचा शिपाई की गढीचा रोहिला, हे त्याच्या गणवेशावरून कळणार नाही. सावकाराच्या रोहिल्याने तिजोरी राखलीच नाही असे नाही. ती राखताना त्याने आणखी काय काय केले, हे कुळांच्या नातवंडांना ठाऊक आहे.

शस्त्र द्यावयाचेच ठरले तर छात्रसेनेच्या कोताचा मार्ग अधिक सुरक्षित आहे, असे या इतिहासावरून वाटते. महाराष्ट्राने २०१० च्या कायद्याने राज्य सुरक्षा महामंडळ उभे केले. त्याच्या सशस्त्र रक्षकाचा धनी निदान राज्य आहे. त्यापूर्वी १९८१ च्या अधिनियमाने खाजगी सुरक्षारक्षकांची मंडळे स्थापन झाली, ती रक्षकाच्या वेतनाचे व नोकरीचे नियमन करण्यासाठी. ज्याची नोकरी धन्याच्या मर्जीवर टांगलेली नाही असाच रक्षक धन्याचा बेकायदेशीर हुकूम नाकारू शकतो. म्हणून १९८१ चा हा कायदा वरकरणी कामगारांचा दिसला तरी प्रस्तुत प्रश्नाशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे.

आणि शाळांची प्रत्यक्ष स्थिती या साऱ्या वादाला विसंगत अशी आहे. बदलापूरच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी निघालेल्या शासननिर्णयाने शाळांत कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांचा आग्रह धरला. त्या प्रसंगी भय कुंपणाच्या आतले होते, आणि बंदुकीचा त्याला काही उपाय नव्हता. त्याआधी ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने अनुदानित खाजगी शाळांतील शिपायांसारखी चतुर्थ श्रेणीची पदे रिक्त होताच ती न भरता त्यांऐवजी एकत्रित 'शिपाई भत्ता' देण्याचे ठरविले होते. बीडसारख्या जिल्ह्यात, जेथे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची मुले हंगामी वसतिगृहांच्या व आजी-आजोबांच्या भरवशावर गावी राहतात, दाराशी ओळखीचा एक मनुष्य दिवसभर असणे ही चैन नव्हे. कोणते मूल आज आले नाही, कोणाला न्यायला अनोळखी मनुष्य आला आहे, कोण भिंतीवरून पळाले, हे त्याला ठाऊक असते. जुन्या जागल्याला गावातील प्रत्येक पाऊल ओळखू येई, तेच हे ज्ञान. शिपाई या शब्दातून तलवार गळून पडण्यास दोन शतके लागली. माणूस गळून पडून भत्ता उरण्यास एक शासननिर्णय पुरला. शाळेच्या दारावर रायफल असावी की नसावी हा प्रश्न ज्या दारांविषयी विचारला जात आहे, त्यांतील अनेक दारांवर ती धरावयास आज कोणीच उभे नाही.